‘हे बंद करू नका’ : विधुर बापाच्या सिटकॉममधल्या आईचं काय करायचं

आधीच सांगून टाकते, यातलं चॅनल, मालिकेचं नाव, माणसांची नावं सगळं काढलंय आणि ओळख पटेल असे दोनचार तपशील बदललेत. मी त्या मालिकेत कंटिन्युइटी बघायचे. म्हणजे मागच्या शॉटमध्ये कप डाव्या हातात होता तर आता उजव्या हातात कसा, चौथ्या एपिसोडमध्ये मुलगा म्हणाला मला कुत्र्यांची भीती वाटते आणि अकराव्यात तो कुत्र्याच्या गळ्यात पडलाय, हे कोणी लिहिलं, असले प्रश्न विचारून सगळ्यांचं डोकं खायचं हे माझं काम. त्यामुळे हे सगळं त्या नजरेतून आलेलं आहे. लेखकाने सांगितलं असतं तर वेगळं सांगितलं असतं, दिग्दर्शकाने तर फारच वेगळं.

पार्श्वभूमी

मालिका साधी होती, सिटकॉम, म्हणजे घरगुती विनोदी मालिका. आठवड्यातून एकदा, अर्ध्या तासाचा स्लॉट, जाहिराती वजा जाता बावीस मिनिटं. लिफ्ट दुरुस्त करणारा एक माणूस, बायको वारलेली, तीन मुलं. मोठी मुलगी चौदाची, मधला मुलगा दहाचा, धाकटी पाचची. मदतीला राहायला आलेला बापाचा धाकटा भाऊ, ज्याने आयुष्यात एकही काम पूर्ण केलेलं नाही, आणि शेजारच्या रिटायर्ड मुख्याध्यापिका, ज्या बेल न वाजवता आत येतात. एकच घराचा सेट, तीन कॅमेरे, प्रेक्षक नाहीत, हसण्याचा ट्रॅक नंतर टाकायचा.

हा साचा आम्ही शोधलेला नव्हता हे उघड आहे. अमेरिकेत १९६० च्या शरद ऋतूत आठवड्याभराच्या आत दोन मालिका सुरू झाल्या, ‘माय थ्री सन्स’ आणि ‘द अँडी ग्रिफिथ शो’, दोन्हीत विधुर बाप. पहिलीचे तर १९७२ पर्यंत ३८० एपिसोड झाले. मग १९६९ ला ‘द कोर्टशिप ऑफ एडीज फादर’, १९८७ ला ‘फुल हाउस’, १९९३ ला ‘द नॅनी’. सगळीकडे गणित तेच, आई नाही म्हणून तिचं काम दुसऱ्या कोणालातरी द्यायचं, जमलं तर ज्याला ते येत नाही अशा माणसाला. अँडीकडे आँट बी आहे, एडीच्या घरी घरकाम बघणाऱ्या मिसेस लिव्हिंग्स्टन, फुल हाउसमध्ये मेव्हणा आणि मित्र दोघं एकदम. कॉमेडी त्या वाटणीतून येते. डायपर कोणी बदलायचा यावर तीन बाप्ये भांडतात आणि प्रेक्षक हसतात.

आणि विधुरच का, घटस्फोटित का नाही, तर त्या काळात चॅनलला घटस्फोट नको असायचा. अगदी १९७० ला ‘मेरी टायलर मूर शो’ लिहिणाऱ्यांना नायिका घटस्फोटित हवी होती, चॅनलने नाही म्हटलं, शेवटी तिचं लग्न ठरून मोडलं असं करावं लागलं. घटस्फोटात कोणाची चूक हा प्रश्न येतो. बायको वारली की कोणाचीच चूक नाही, बाप आयताच सज्जन ठरतो, एकही सीन लिहावा लागत नाही. आमच्या मीटिंगमध्ये तर कोणी कारणसुद्धा विचारलं नव्हतं, ‘विधुर बाप’ एवढं पहिल्या पानावर होतं आणि सगळे पुढच्या पानावर गेले.

प्रॉब्लेम काय होता

सिटकॉम रिसेटवर चालते. एपिसोडच्या सुरुवातीला घर जसं असतं तसंच शेवटी होतं, मधे काहीही जळो, फुटो, हरवो. पुढच्या आठवड्यात कोणाला काही आठवत नाही. हे वाईट नाहीये, त्यामुळेच माणूस कुठलाही एपिसोड कुठूनही बघू शकतो. पण घरातलं माणूस मेल्यावर काहीच रिसेट होत नाही, आणि आमच्या मालिकेचा पायाच तो होता. हे मला तेव्हा असं सुचलं नव्हतं, तेव्हा मला फक्त चुका दिसत होत्या. आठ एपिसोड दाखवून झाले होते आणि त्याच दिवसांत तीन गोष्टी झाल्या.

पहिली म्हणजे फोटो. भिंतीवर आईचा फोटो होता. सातव्या एपिसोडच्या वेळी जुनी फ्रेम फुटली म्हणून आर्टवाल्यांनी नवीन लावली, आणि त्यात फोटो दुसऱ्याच बाईचा. म्हणजे तिसऱ्या एपिसोडमधली आई आणि सातव्यातली आई वेगळ्या बायका. आणि हे आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आलं नाही, माझ्याही नाही, ही माझी चूक, मला पगार त्याचाच होता. एका प्रेक्षकाने कळवलं. मी बायबल उघडलं (मालिकेची सगळी माहिती ज्या फाईलमध्ये असते तिला बायबल म्हणतात) तर काकाच्या मोडलेल्या मोटरसायकलचं मॉडेल लिहिलेलं होतं, शेजारणीच्या मांजराचं वय लिहिलेलं होतं, आणि आईच्या नावासमोर डॅश. कधी वारली ते नाही, कशाने ते नाही. पहिल्या एपिसोडमध्ये बाप म्हणतो वर्ष झालं आणि सहाव्यात मोठी म्हणते गेल्या वर्षीच्या वाढदिवसाला आई होती, आणि तिचा वाढदिवस तर दुसऱ्याच एपिसोडमध्ये होऊन गेलाय. जुळतच नव्हतं काही.

दुसरी गोष्ट धाकटीची. ती भूमिका करणारी मुलगी सहा वर्षांची होती, फार हुशार, सगळ्यांचे डायलॉग तिला पाठ. एकदा ब्रेकमध्ये माझ्याशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "ताई, माझी आई कुठे गेलीये? म्हणजे सिरियलमधली." मी म्हटलं अगं ती गेली ना. तर म्हणाली, "हो पण कधी येणार? तिचा रोल कोण करणारे?"

मला आधी हसू आलं आणि मग नाही आलं. आठ महिने ही मुलगी आमच्याकडे येत होती आणि तिला वाटत होतं आईच्या रोलसाठी अजून कोणी मिळालेलं नाहीये. त्या रात्री मी आठही स्क्रिप्ट काढून बसले. ‘आई गेली’, ‘आई गेल्यापासून’, ‘ती गेली तेव्हा’, सगळीकडे गेली. वारली कुठेच नाही, मेली तर लांबच. मोठ्या माणसाला गेली म्हटलं की कळतं, सहा वर्षांच्या मुलीला गेली म्हणजे गेली, बाहेर गेली, येईल.

तिसरी गोष्ट अगदीच व्यवहाराची. बापाचं काम करणारे नट बिझी होते, त्यांनी पुढच्या सगळ्या एपिसोडसाठी मिळून दोनच ब्लॉक दिले. म्हणजे तेराव्यापासून विसाव्यापर्यंतचे त्यांचे सगळे सीन सलग उरकायचे आणि मग बाकीच्यांनी त्यांच्याशिवाय आपापले शॉट द्यायचे. हेही जुनंच आहे, ‘माय थ्री सन्स’मध्ये फ्रेड मॅकमरे यांचा करारच तसा होता, वर्षातले ६५ दिवस काम, त्यांच्यासमोरचे सीन आधी आणि बाकीचं महिन्यांनी. तिथल्या मुलांचे केस सतत एकाच मापात कापून ठेवायला लागायचे, कारण एकाच सीनमधले दोन शॉट काही महिन्यांच्या अंतराने व्हायचे. माझ्यासारखीच कोणीतरी तिथेही असणार, डोक्याला हात लावून बसलेली. पण याचा अर्थ असा की आईबद्दल काय करायचं ते आम्हाला आत्ताच ठरवायला लागणार होतं, कारण बापाचे सीन आठ एपिसोड आधी शूट होणार होते.

कुठले पर्याय समोर होते

मीटिंग झाली, लांबली. मुख्य लेखक, दिग्दर्शक, चॅनलच्या मॅडम, आणि मी कोपऱ्यात फाईल घेऊन.

पहिला पर्याय काहीच न करण्याचा. दिग्दर्शक सरांना हाच आवडत होता. त्यांचं म्हणणं लोक दिवसभर दमून येतात, त्यांना रडायला लावणाऱ्या मालिका आधीच ढीगभर आहेत, आणि अँडी ग्रिफिथमध्ये तरी त्या मुलाच्या आईबद्दल कुठे कोण बोलतं, तरी २४९ एपिसोड चालली. मुद्दा खोटा नव्हता. पण आमचा सेट तीन खोल्यांचा आणि बाप दर एपिसोडला मुलांना झोपवतो, तिथे आईचा विषय न निघणं दिसायला लागतं. गावभर फिरणाऱ्या मालिकेत ते खपून जातं.

दुसरा पर्याय एक स्पेशल एपिसोड. सगळं त्यात बोलून टाकायचं, रडायचं, आणि परत मूळ गाडीवर. मुख्य लेखकाने ‘एट सिंपल रूल्स’चा दाखला दिला. तिथे बापाचं काम करणारा जॉन रिटर ११ सप्टेंबर २००३ ला खरोखरच अचानक वारला, तेव्हा त्यांनी मालिकेतला बापही वारला असं करून तासाभराचा एपिसोड केला, प्रेक्षकांच्या हसण्याशिवाय. पण त्यांच्याकडे खरंच माणूस गेला होता आणि बघणाऱ्यांनाही ते माहीत होतं. आमच्याकडे काय झालं होतं, तर फ्रेम फुटली होती. नवव्या एपिसोडला अचानक सगळ्यांना रडू कसं फुटलं याला उत्तर नव्हतं.

तिसरा चॅनलच्या मॅडमचा, बापासाठी कोणीतरी आणा. मधल्या मुलाच्या चित्रकलेच्या बाई. त्यांनी सरळ सांगितलं की बाप एकटा असणं हा दहा एपिसोडचा विषय आहे, पुढे प्रेक्षकाला आशा लागते. ‘द नॅनी’ पाच सीझन त्या एका आशेवर चालली हेही त्यांनी सांगितलं, आणि ते खरंच आहे.

चौथा पर्याय मीटिंगमध्ये कोणाकडेच नव्हता. तो लाइटच्या माणसाकडून आला, तोही नकळत. स्टुडिओत सेटच्या मागे खरा इलेक्ट्रिकचा बोर्ड होता आणि त्यातल्या एका स्विचवर कोणीतरी कधीतरी चिकटपट्टी लावून लिहिलेलं, ‘हे बंद करू नका’. मुख्य लेखकाने ब्रेकमध्ये सहज विचारलं हे कशाचंय. लाइटचा माणूस म्हणाला, "माहीत नाही सर. मी आलो तेव्हापासून आहे. ज्याने लिहिलं तो आता नाहीये इथे. पण बंद नाही करत आम्ही."

लेखक परत आला तो धावतच.

काय केलं

आधी साधी कामं उरकली. आईला नाव दिलं, तारीख दिली, आजार दिला. तारीख पहिल्या एपिसोडच्या पाच महिने आधीची ठरवली, म्हणजे मोठीचं वाढदिवसाचं वाक्य बरोबर बसलं आणि बापाचं ‘वर्ष झालं’ हे चुकीचं पडलं. मी म्हटलं ते एक वाक्य रिपीटला जाईल तेव्हा कापूया. कापलं. फोटो भिंतीवरून काढून टाकला, आणि सुटलो असं मला तरी वाटलं, कारण हार नसलेला हसरा फोटो आणि त्याकडे बघून सुस्कारा टाकणारा बाप हे दर एपिसोडला होत होतं आणि त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

मग ‘गेली’. यावर आम्ही मुलांसोबत काम करणाऱ्या एका समुपदेशक बाईंना बोलावलं. आधी बोलवायला हवं होतं, ते नंतर सांगते. त्यांचं म्हणणं सोपं होतं, लहान मुलं मरणाला बराच काळ परत फिरता येण्यासारखं समजतात, म्हणून झोपली, गेली, देवाने नेली असले शब्द वापरले की मूल वाट बघत बसतं किंवा झोपायलाच घाबरतं. सरळ शब्द वापरा, आणि शरीर काम करायचं थांबलं, आता ती परत येणार नाही, एवढं सांगा. त्यांनीच ‘सेसमी स्ट्रीट’ या अमेरिकेतल्या लहान मुलांच्या मालिकेची गोष्ट सांगितली. दुकानदार मिस्टर हूपरचं काम करणारे विल ली १९८२ च्या डिसेंबरमध्ये वारले, तेव्हा नवा नट आणणं शक्य होतं, किंवा ते दुसरीकडे राहायला गेले म्हणून सांगणं शक्य होतं. त्यांनी १९८३ च्या नोव्हेंबरमध्ये एपिसोड करून सरळ सांगितलं की ते मेले आणि परत येणार नाहीत. आणि आजार, हॉस्पिटल, म्हातारपण यातलं काही कारण म्हणून मुद्दाम दिलं नाही, नाहीतर घरात कोणाला सर्दी झाली तरी मूल घाबरेल.

आम्ही ‘वारली’ वापरायचं ठरवलं. ‘मेली’ घरातल्या माणसाबद्दल कोणी म्हणत नाही, मुलाच्या तोंडी फार टोचलं असतं. आणि त्या छोट्या नटीला तिच्या खऱ्या आईने, समुपदेशक बाई शेजारी असताना, सगळं समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग मला रडायचंय का?" नाही म्हटल्यावर बरं म्हणाली आणि खेळायला गेली. पण त्या दिवसापासून तिचं काम बदललं, आईचा उल्लेख आला की आधी ती दरवाज्याकडे बघायची, ते बंद झालं. दरवाज्याकडे बघते हे मी शॉटमध्ये कितीदा पाहिलं होतं, मला वाटायचं दिग्दर्शकाने सांगितलंय.

आणि मग स्विच. पॅसेजमध्ये मेन स्विचचा एक बॉक्स बसवला. आत प्रत्येक स्विचखाली आईच्या अक्षरात चिठ्ठ्या, हॉल, गीझर, मुलांची खोली (पंखा सोडून), आणि शेवटच्या स्विचखाली ‘हे बंद करू नका’. आर्ट डिपार्टमेंटच्या एका मुलीने ते अक्षर काढलं, घाईतलं, तिरकं. गंमत अशी की तो स्विच कशाचा आहे हे घरात कोणालाच माहीत नाही, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या बापालाही नाही. तो हजार लिफ्टचं वायरिंग उलगडेल पण या स्विचला हात लावत नाही. दहाव्या एपिसोडमध्ये लाइट जाते, काका बॉक्स उघडतो, हात त्या स्विचपर्यंत नेतो आणि तिन्ही मुलं तीन खोल्यांतून एकदम ओरडतात "तो नाही!" बस, एवढंच. लोक हसले. त्यानंतर दर दोन-तीन एपिसोडला एकदा तो बॉक्स यायचा आणि आईबद्दल वेगळं काही बोलावं लागायचं नाही.

चौदाव्यात मात्र आम्ही मॅडमचं ऐकलं आणि चित्रकलेच्या बाई आणल्या. निम्मंच ऐकलं हे जास्त वाईट. एका एपिसोडमध्ये ओळख, कॉफी, मुलांनी घातलेला गोंधळ, आणि शेवटी बाई समजूतदारपणे निघून जातात. रिसेट. शूटच्या वेळी मी सांगितलं की माझ्या तारखांप्रमाणे आईला वारून अजून नऊ महिनेही झाले नाहीत, तर मला उत्तर मिळालं की प्रेक्षक तारखा मोजत नाहीत. मोजतात. ज्या घरात असं झालंय ती माणसं तर नक्की मोजतात.

एकोणिसावा एपिसोड

याच्यावर जरा थांबते, कारण खरा पेच इथे होता.

गोष्ट अशी होती की घराचं वायरिंग जुनं झालंय, नवीन बॉक्स बसवायचाय, म्हणजे चिठ्ठ्या जाणार. मोठी म्हणते जाऊ दे, काका म्हणतो चिठ्ठ्या काढून नवीन बॉक्सवर लावू, आणि मधला काहीच बोलत नाही. रात्री तो उठतो आणि स्विच बंद करतो. सगळे जागे होतात. काका घरभर पळत सुटतो, टीव्ही लावून बघ, पंखा बघ, माशांची टाकी बघ, आणि शेवटी दरवाज्याची बेल वाजवून आनंदाने ओरडतो "बेल! बेल बंद पडली!" तर मोठी म्हणते बेल कधीच चालू नव्हती. काहीच बंद पडलेलं नसतं. तो स्विच कशालाच जोडलेला नसतो. सगळे बॉक्ससमोर उभे.

आणि धाकटी म्हणते, "आईला कळलं असेल का?"

मधला म्हणतो, "काय?"

"आपण बंद केलं ते."

चॅनलला तो स्विच कशाचा आहे ते कळायला हवं होतं. त्यांची सूचना होती की तो बंद केल्यावर माळ्यावर आईने लपवून ठेवलेला एक दिवा विझावा, किंवा तिने रेकॉर्ड केलेलं काहीतरी सापडावं. मुख्य लेखक अडून बसला. त्याचं म्हणणं काहीतरी सापडलं की आईने मुद्दाम निरोप ठेवला असं होतं, आणि खऱ्या आयुष्यात माणूस असे निरोप ठेवत नाही, वाणसामानाची यादी ठेवतो. दोन दिवस वाद चालला. शेवटी मिटला तो वेळ नाही म्हणून, माळ्याचा सेट बांधायला दिवसच नव्हते. चांगले निर्णय किती वेळा असे होतात हे कोणी लिहीत नाही.

मग हसणं. एडिटमध्ये साउंडवाल्याने सवयीने "आईला कळलं असेल का" वर हसू टाकलं होतं, लहान मूल निरागस बोललं की टाकायचं हा नियमच असतो. दिग्दर्शक सरांनी ते काढायला सांगितलं, तेच सर ज्यांना आईचा विषयच नको होता. ‘मॅश’ ही युद्धातल्या लष्करी हॉस्पिटलवरची कॉमेडी बनवणाऱ्यांनी चॅनलशी भांडून एवढं मिळवलं होतं की ऑपरेशन थिएटरमधल्या सीनला हसण्याचा ट्रॅक लागणार नाही, ते सरांनी सांगितलं आणि म्हणाले आपलं ऑपरेशन थिएटर म्हणजे हा पॅसेज. काकाच्या बेलपर्यंत हसू, त्यानंतर काही नाही. त्या वाक्यानंतर चार सेकंद शांतता होती. चॅनलने ती दोन करायला लावली. मला अजूनही वाटतं चारच हवी होती.

शेवटचा शॉट बापाचा. तो येतो, बॉक्सकडे बघतो, मुलांकडे बघतो, म्हणतो "चला झोपा आता, उद्या शाळा आहे." हा शॉट आधीच्या ब्लॉकमध्ये शूट झालेला होता, तेव्हा स्क्रिप्टमध्ये स्विच बंद करायचाच प्रसंग नव्हता, नुसतीच नवीन बॉक्सवरून चर्चा होती. नटाला माहीतच नाही की पुढे काय होणार आहे, आणि म्हणूनच बहुतेक त्यांच्या चेहऱ्यावर काही नाहीये. ते फार चाललं. सगळ्यांना वाटलं काय संयमित अभिनय.

काय झालं

टीआरपी वर गेला नाही, खालीही नाही. एकोणिसाव्याबद्दल मेसेज बरेच आले, त्यात आपल्या घरात कोणाच्यातरी अक्षरातली कुठली चिठ्ठी अजून तशीच आहे हे सांगणारे जास्त. डब्यावरची, मीटरवरची, औषधाच्या बाटलीवरची. थोडे चिडलेलेही होते, हसायला बसलो होतो म्हणून. तेही बरोबरच आहे त्यांचं.

चित्रकलेच्या बाईंच्या एपिसोडबद्दल एका माणसाने लिहिलं होतं की मी स्वतः तीन मुलांचा एकटा बाप आहे, आणि तुमच्या मुलांनी त्या बाईंना पळवून लावल्यावर माझी मुलगी मला म्हणाली की आम्ही असं करणार नाही बाबा. हे चांगलं म्हणायचं का वाईट ते मला आजवर ठरवता आलेलं नाही. चॅनलने ते पत्र यशाच्या फाईलमध्ये ठेवलं.

दुसरा सीझन मिळाला, आधीपेक्षा छोटा, मग मालिका संपली. साधी कारणं, स्लॉट बदलला, बापाच्या तारखा मिळेनात.

परत करायचं झालं तर

समुपदेशक पहिल्या दिवशी हव्या होत्या, मुलांची निवड झाली त्याच दिवशी. आम्ही स्क्रिप्टसाठी बोलावल्या, खरी गरज सेटवरच्या मुलीला होती. सहा वर्षांचं मूल आठ महिने कोणाचीतरी वाट बघतं आणि तीस माणसांच्या युनिटमध्ये कोणाला कळत नाही, याला मी तरी माफ करत नाही, मी धरून.

मेलेल्या माणसाची माहिती बायबलमध्ये जिवंत पात्राइतकीच भरायची. नाव, अक्षर, आवडनिवड, कशावर चिडायची. स्क्रीनवर एकदाही येणार नसली तरी. आमच्या लेखकांना आई कशी होती तेच माहीत नव्हतं म्हणून ते सारखं ‘ती असती तर’ लिहायचे. अक्षर ठरलं, चिठ्ठ्या ठरल्या, आणि अचानक सगळ्यांना कळलं की ही बाई कंसात पंखा सोडून लिहिणारी आहे. मग वाक्यं सुचायला लागली.

चित्रकलेच्या बाई एकतर आणायच्याच नव्हत्या, नाहीतर आणून राहू द्यायच्या होत्या, पुढच्या सीझनपर्यंत, हळूहळू. मॅडमचा मुद्दा चुकीचा नव्हता, बाप काही कायम पॅसेजमध्ये उभा राहू शकत नाही. एका एपिसोडमध्ये आणून घालवल्या हे दोन्हीकडून वाया गेलं.

आणि माझी स्वतःची एक गोष्ट राहिली. एकोणिसाव्यात मुलगा स्विच बंद करतो ते क्लोजअपमध्ये आहे. त्यानंतर काका पळतो, धाकटी बोलते, बाप येतो, संपतं. तो परत चालू कोणी केला हे आम्ही शूटच केलं नाही. बापाचा ब्लॉक संपलेला, मुलांचे तास संपलेले, हाताचा एक इन्सर्ट घेतला असता तर झालं असतं, कोणाचाही हात चालला असता, माझाही. विसाव्या एपिसोडमध्ये बॉक्स मागे दिसतो, पण झाकण बंद, त्यामुळे काही कळत नाही. दुसऱ्या सीझनमध्ये उघडला तेव्हा स्विच चालू होता. ज्या प्रेक्षकाने फोटोची चूक काढली होती त्यानेच विचारलं, चालू कोणी केला?

मी मुख्य लेखकाला विचारलं, तो म्हणाला बापाने, रात्री. दिग्दर्शक सर म्हणाले धाकटीने, स्टुलावर चढून. धाकटीचं काम करणाऱ्या मुलीला मी शेवटच्या दिवशी सेट उतरवत असताना विचारलं, तेव्हा ती सात पूर्ण होऊन आठवं लागलेली. ती म्हणाली, "तो बंद झालाच नव्हता ना ताई. तो खोटा आहे, प्लायवूडवर चिकटवलाय."

फाईलमध्ये त्या रकान्यात मी अजून काही लिहिलेलं नाहीये.